डबा पार्लरचा, क्रीम मेडिकलचं

नवीन गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की अक्का तिच्या चेहऱ्याकडे बघायच्या नाहीत, पर्सकडे बघायच्या. "तोंडाला जे जे लावतेस ते बठ्ठं इथं काढ," म्हणायच्या आणि समोरचं टेबल फडक्याने पुसून मोकळं करायच्या. बाई म्हणायची, "पर्समध्ये काही नाही, सगळं घरी आहे." त्यावर अक्का म्हणायच्या, "मग घरी जाऊन घेऊन ये. मी कुठे पळून चालले नाही." आणि बायका खरंच जायच्या. नशिराबादची एक शिक्षिका अशीच परत गेली आणि दुसऱ्या दिवशी भाजीच्या पिशवीतून सगळा ऐवज घेऊन आली. त्या पिशवीतून अर्धी सिरमं निघाली, नणंदेने वापरून दिलेलं नाइट क्रीम निघालं आणि नवऱ्याचं दाढीनंतर लावायचं लोशनही निघालं. अक्कांनी ते लोशन हुंगून बाजूला ठेवलं आणि विचारलं, "मास्तर तुझं काय लावतात?"

अक्कांचं पार्लर आणि आमचं मेडिकल यांच्यात एकच भिंत होती. जळगावच्या आमच्या त्या रस्त्यावर मी डी. फार्म. होऊन, लग्न होऊन आले तेव्हापासून काउंटरवर उभी आहे. नवरा होलसेलचं बघतो, दुकान मी बघते. अक्का माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या. माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे एरवी शहरातली मराठी बोलायच्या, पण चिडल्या की अहिराणीवर यायच्या. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण त्यांनी ते कधी वापरलं नाही. भिंतीवर मूठ आपटून "मेडिकल!" अशी हाक यायची. मी गिऱ्हाइकाला थांबवून जायची, कारण नाही गेलं तर भिंतीवरच्या माझ्या बाटल्या हलायच्या.

हाक यायची ती बहुतेक वेळा काहीतरी वाचून दाखवण्यासाठी. अक्कांचा चष्मा नेहमी हरवलेला असायचा. कुठल्यातरी ट्यूबच्या पाठीवरची बारीक अक्षरं मी वाचायची, त्यात काय आहे ते सांगायची, आणि अक्का निकाल द्यायच्या. अर्ध्या बायकांना त्या माझ्याकडेच पाठवायच्या. "माझ्याकडं घेऊ नको. मेडिकलकडनं साधं क्रीम घे, बिनवासाचं." लोकांना वाटायचं आमचं कमिशन ठरलेलं आहे. तसं काही नव्हतं. त्या चहा पाजायच्या आणि मी त्यांना एक्सपायरीच्या तारखा वाचून दाखवायची, एवढाच आमचा व्यवहार.

पार्लरचा माल चांगला की मेडिकलचा, हा प्रश्न त्यांना रोज कोणीतरी विचारायचंच. मुली मोबाइलवर रील दाखवायच्या, "अक्का, हे प्रोफेशनलवालं आहे, हे घेऊ का?" अक्कांचं उत्तर ठरलेलं होतं. "हॉटेलातली भट्टी घरी आणून दूध तापवतेस का? नाही ना? का नाही? दूध तापतं की त्याच्यावर. पण उतू जातं आणि घर पेटतं." पार्लरच्या डब्यात जोर जास्त असतो, म्हणून तो पार्लरमध्ये, माझ्या हातात आणि माझ्या घड्याळासमोर राहू दे, असं त्यांचं म्हणणं. रोज घरी लावायची वस्तू मात्र साधी आणि परवडणारी हवी. "महागाची डबी आणायची अन् बोटाच्या टोकानं पुरवून पुरवून लावायची, त्यापरीस स्वस्त बाटली हात भरून लाव. कातडीला किंमत वाचता येत नाही." हे मला पटायचं. माझ्या अभ्यासक्रमातही याहून वेगळं काही नव्हतं, फक्त तिथे भट्टी नव्हती.

त्यांच्या स्वतःच्या दोन्ही गालांवर खड्डे होते. पार्लरवालीच्या गालांवर खड्डे, म्हणून नवीन बायका जरा बिचकायच्या. अक्का ते लपवायच्या नाहीत, उलट दिव्याखाली गाल धरायच्या. "हे देवीचे नाहीत, माझे आहेत. कॉलेजात होते, पुटकुळ्या आल्या. कोणी म्हणालं टूथपेस्ट लाव, लावली. कोणी म्हणालं लिंबू न् सोडा, तेही लावलं. नखानं फोडल्या. इतकी मेहनत घेतली तेव्हा हे झालं." आणि खुर्ची मागे करत म्हणायच्या, "आता तू सांग, तुला कोणी काय सांगितलंय?"

सगळंच त्यांना कळत होतं असं नाही. सनस्क्रीनवर आमचं वर्षानुवर्षं भांडण चाललं. त्यांचं म्हणणं, जळगावच्या मे महिन्यात डोळे सोडून बाकी सगळं स्कार्फमध्ये गुंडाळून फिरणाऱ्या बाईला क्रीम कशाला? ते कंपन्यांचं नाटक आहे. मी सांगायची, स्कार्फ पातळ असतो, ऊन आरपार येतं, आणि डोळ्यांभोवती काय करणार? "डोळ्यांभोवती घाम येतो, तोच लावते," असं उत्तर यायचं. एका उन्हाळ्यात त्यांच्या पर्समधून चहाचे सुटे पैसे काढताना मला सनस्क्रीनची ट्यूब दिसली. माझ्याच दुकानातली, आमच्या कामाच्या पोराकडून मागवलेली.

"अक्का, हे काय?"

"गिऱ्हाइकाचं राहिलंय."

"अर्धं संपलंय."

"गिऱ्हाईक बी अर्धंच शे," अक्का म्हणाल्या आणि पर्स बंद केली. त्यानंतर त्या विषयावर भांडण झालं नाही. पण त्या सगळ्या बायकांना सनस्क्रीन लावायला सांगू लागल्या, तेही जणू त्यांचाच शोध असल्यासारखं.

शेजारच्या गल्लीतल्या शबानाभाभी दर ईदेच्या आधी यायच्या. त्यांच्या नवऱ्याचं शिलाईचं दुकान आहे. एकदा त्यांच्या आखातातल्या बहिणीने पाठवलेली मोठी पेटी त्या घेऊन आल्या. आत छोट्या छोट्या बाटल्या, ब्रश, सगळं मखमलीत बसवलेलं. अक्कांनी भिंत वाजवली. मी वाचून सांगितलं की हे चेहऱ्याचा वरचा थर काढायचं ॲसिड आहे आणि फक्त शिकलेल्या माणसाने वापरावं असं पेटीवरच लिहिलंय.

"अक्का, इतना महेंगा है, फेक दू क्या?" शबानाभाभी रडकुंडीला आल्या.

"फेकू नको. मखमल चांगली आहे, बांगड्या ठेव. बाटल्या मेडिकलला दे, ती नीट वासलात लावील. आणि ऐक, नणंदेला देऊ नको. तुझी तिच्याशी भांडणं आहेत ते मला माहीत आहे."

शबानाभाभी हसल्या ते हसतच घरी गेल्या.

असं सगळं बरं चाललं होतं, आणि समोर काचेचा स्टुडिओ उघडला. एसी, पांढरे कोट घातलेल्या मुली, दारात हसणाऱ्या नवरीचा माणसाएवढा फोटो. थ्रेडिंगला येणाऱ्या बायका अक्कांकडेच राहिल्या, पण थ्रेडिंगवर पार्लर चालत नाही. पार्लर चालतं नवरी-मुलींवर. लग्नसराईत असोदा आणि नशिराबादकडच्या मुली अक्कांकडे यायच्या, त्यांच्यामागे बहिणी, मावश्या, वहिन्या यायच्या, आणि त्या दोन-तीन महिन्यांवर अक्कांचं वर्ष निघायचं. आता त्यातल्या काही काचेकडे वळू लागल्या. एका कंपनीचा माणूस अक्कांकडे येऊन म्हणाला, आमचा पूर्ण प्रोफेशनल संच घ्या, बोर्ड आम्ही लावून देतो. अक्कांनी त्याला चहा दिला आणि संच नको म्हणाल्या. पण तो गेल्यावर बराच वेळ त्या समोरच्या काचेकडे बघत होत्या. या सराईत असोद्याचं मोठं घर हातून गेलं तर आपलं काही खरं नाही, हे त्या स्वतःच मला म्हणाल्या.

असोद्याचं ते घर त्याच आठवड्यात आलं. केळीवाले, घरची मोठी शेती, चार भावांचं एकत्र कुटुंब. नवरी जयू, सावद्याला दिलेली, लग्न महिन्यावर. जयूची आई आजारी असायची, म्हणून सगळा कारभार तिच्या काकूच्या हाती होता. काकू खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "हे बघा अक्का, पैशाकडं पाहू नका. सगळ्यात भारी जे असीन ते लावा. सावद्याचे लोक पाहत राहिले पाहिजे."

जयूची पर्स रिकामी झाली. त्यातून एक चपटी, पिळून पिळून वळकटी झालेली ट्यूब निघाली. भिंत वाजली.

मी ट्यूब वाचली आणि जयूला उजेडात उभं केलं. चेहरा गोरा, चकचकीत, पण कातडी कागदासारखी पातळ आणि गालांवर लाल रेषांचं जाळं. ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर थोडे दिवस वापरायचं औषध ही पोरगी मैत्रिणीच्या सांगण्यावरून कॉलेजापासून रोज लावत होती. "बंद केलं की आग होते," ती म्हणाली. "म्हणून परत लावते."

अक्कांनी त्या दिवशी तिच्या चेहऱ्याला हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः तिला घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी ती ट्यूब हळूहळू कमी करत सोडायची पद्धत लिहून दिली, आणि बाकी फक्त साधं बिनवासाचं क्रीम आणि सनस्क्रीन. फेशियल नाही, ब्लीच नाही, काहीही नाही.

हे ऐकून काकूचा चेहरा पडला. "काहीच नाही करायचं तर आम्ही तुमच्याकडं कायले यायचं? समोरची बाई तर म्हणते दोन बैठकीत चमकावते."

मी अक्कांना बाजूला घेऊन सांगितलं की सोडून द्या हे काम. लग्नात पोरीचा चेहरा लाल दिसला तर नाव तुमचं जाईल. अक्का म्हणाल्या, "मी सोडलं तर ती समोर जाईल. समोर गेली तर तोंड जाईल तिचं. नाव काय, माझं आहे, मी बघीन." आणि काम घेतलं.

इथे त्यांनी एक गोष्ट केली. माझ्या दुकानातून त्यांनी साध्या क्रीमच्या मोठ्या बाटल्या नेल्या. त्यांच्या कपाटात एका महागड्या प्रोफेशनल क्रीमचा रिकामा डबा होता, जाड काचेचा, सोनेरी झाकणाचा. तो उकळत्या पाण्याने धुतला, वाळवला आणि त्यात माझं क्रीम भरलं. जयू एक दिवसाआड यायची. अक्का गार पाण्याने तिचा चेहरा धुवायच्या, काकूच्या देखत तो डबा उघडायच्या, क्रीम लावायच्या आणि पडदा ओढून तिला पंख्याखाली झोपवायच्या. काकू बाहेर बसून समाधानाने चहा प्यायची.

"अक्का, ही फसवणूक आहे," मी म्हणाले.

"पैसे घेतले का त्या डब्याचे? तुझ्या बाटलीचेच घेतले. डबा नुसता दाखवला."

"तेच म्हणतेय."

"तिला स्वस्त बाटली दिसली की ती उठून समोर जाईल. लग्न होऊ दे, मग सांगू."

काम मात्र झालं. दोन आठवड्यांत गालांची आग कमी झाली, लाली उतरली, पोरगी हसायला लागली. काकूने डब्याचा फोटो काढून घेतला. आम्ही दोघींनी तिला तो काढताना पाहिलं आणि सोडून दिलं. बायका कशाचेही फोटो काढतात.

हळदीच्या दोन दिवस आधी जयू एकटीच रिक्षाने आली, तोंडावर ओढणी घट्ट धरून. ओढणी सोडली तेव्हा नाकाच्या आणि ओठांच्या कडेने सालं निघालेली, गाल तापून लाल. अक्कांच्या हातातला दोरा सुटला.

"काय लावलं?"

"तुमचंच," जयू रडत म्हणाली. "काकूनं ऑनलाइन नवा डबा मागवला. तोच, सोनेरी झाकणाचा. दोन रात्री झाल्या, झोपताना लावून देते, म्हणे दोन्हीकडून लावलं की जास्त चमकशील."

अक्का खाली बसल्या. दुकान उघडं असताना त्यांना बसलेलं मी तेव्हाच पाहिलं. त्या डब्यात खरोखर काय असतं ते त्यांना माहीत होतं: कातडी सोलणारं, दहा मिनिटांत धुऊन काढायचं ॲसिड. आणि ते रात्रभर त्या कागदासारख्या गालांवर राहिलं होतं.

लगेच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी शांत करणारं औषध दिलं, आणि चेहऱ्याला हळद लागू द्यायची नाही, रंगरंगोटी जवळपास नाही, असं बजावलं. जपलं तर डाग राहणार नाही, म्हणाले.

येताना मी अक्कांना व्यवहाराचं सांगितलं. डॉक्टरांनी मनाई केलीये एवढंच घरी सांगा. डबा काकूने स्वतः मागवला, स्वतः लावला, तुमच्यावर काही येत नाही. भरलेल्या डब्याचं कोणाला माहीत नाही, आणि मी बोलणार नाही.

अक्का रिक्षातून बाहेर बघत होत्या. "त्या डब्यानं पहिले दोन आठवडे गुण आला, असं काकू समजते. म्हणजे आत्ताची ही आग डब्याची नाही, दुसऱ्या कशाची तरी, असंच तिला वाटणार. तो डबा रुखवतात ठेवील ती. पोरगी सावद्याला जाऊन लावत बसेल, आणि तिथं मी पण नसेन अन् तू पण नसशील." मग अहिराणीत म्हणाल्या, "तोंड शे ते, भिताड नही." ते मला नव्हतं, स्वतःलाच होतं.

हळदीच्या सकाळी आम्ही दोघी असोद्याला गेलो. दाराला केळीचे खांब, अंगणात मांडव, बायकांची गर्दी, पितळी वाटीत ओली हळद. आतल्या खोलीत रुखवत मांडलेलं होतं. लाडवांचे मनोरे, क्रोशाचे रुमाल, आणि मधोमध, कुंकवाचं बोट लावलेला, सोनेरी झाकणाचा डबा. अक्कांचं खरं निघालं.

त्यांनी तो डबा उचलला आणि सरळ मांडवात आणला. "काकू, इकडं या. सगळ्यांसमोर सांगायचंय," म्हणाल्या. बायकांचं गाणं थांबलं. "मी जयूला जे लावत होते ते या डब्यातलं नव्हतं. माझा डबा रिकामा होता. त्यात मी हिच्या मेडिकलमधलं साधं क्रीम भरलं, कारण स्वस्त बाटली तुम्हाला चालली नसती. पोरीचा चेहरा निवला तो त्या क्रीमनं. हा डबा खरा आहे. याच्यानं पेटलाय. हा सासरी जायला नको."

काकूला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. "म्हणजे तू आम्हाले येडं बनवलं?"

"हो. बनवलं."

"आमच्या घरात येऊन, आमच्या पाव्हण्यांसमोर सांगते? अन् म्या पोरीचं तोंड जाळलं, असं म्हणते?"

"तुम्ही नाही, मी. मी डबा दाखवला नसता तर तुम्ही मागवला नसता."

काकू रडायलाही लागली आणि शिव्याही द्यायला लागली. बाकीच्या बायका एकमेकींत कुजबुजू लागल्या. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली जयूची आजी बोलली. ऐंशीच्या पुढची बाई, आवाज मात्र खणखणीत. "मले एक सांग, बाई. मंग चांगलं कोणतं? सस्तं का महाग?"

"आजी, दोन्ही चांगले. हे महाग माझ्या हातात, दहा मिनिटं. ते स्वस्त तिच्या घरात, रोज. मी अदलाबदल केली."

आजीने जयूला जवळ बोलावलं, ओढणी बाजूला करून गालाकडे पाहिलं आणि ओढणी परत नीट केली. "हयद हातापायाले लावा," ती सगळ्यांना म्हणाली. "कानामागं एक बोट टेकवा, झालं. तोंडाले हात लावायचा नाही कोनी."

"अहो आई, पहिली हळद गालाला लागते," कोणीतरी म्हणालं.

"माह्या लग्नात लागली गालाले. काय मोठं झालं त्याच्यानं?"

बायका हसल्या आणि हळद सुरू झाली. हातांना, पायांना, कानामागे. पण काकूने अक्कांना मांडवाबाहेर नेऊन सांगितलं, "उद्या येऊ नका. तुमचं काम संपलं." अक्कांनी मान हलवली, जयूसाठी साध्या क्रीमची बाटली आजीच्या हातात दिली आणि आम्ही एसटीने परत आलो. वाटेत त्या एकदाच बोलल्या. "आयुष्यभर बायांना सांगत आले, स्वस्त असलं म्हणून लाजू नका. त्या केळीवाल्यांसमोर मीच लाजले, मेडिकल."

लग्नात जयू काजळ, कुंकू आणि मुंडावळ्या एवढ्यावर उभी राहिली. गाल लाल होते, फोटोवाला कुरकुरला, आणि सावद्याच्या बायका पाहत राहिल्या, पण काकूला हवं होतं तसं नाही. त्यानंतर व्हायचं ते झालं. अक्कांनी मांडवात जे कबूल केलं ते चार गावांत फिरलं, पण फिरता फिरता त्यातलं निम्मं गळलं आणि "अक्कांनी नवरीचं तोंड खराब केलं" एवढंच उरलं. असोद्याची लग्नं समोरच्या काचेकडे गेली. नशिराबादचीही. सराई आली आणि गेली, अक्कांच्या खुर्च्या दुपारी रिकाम्या राहू लागल्या.

त्यांनी तक्रार केली नाही. एकच बदल केला. दर्शनी फळीवर पार्लरच्या भारी डब्यांच्या शेजारी माझ्या दुकानातल्या साध्या बाटल्या मांडल्या, लेबल पुढे करून. कोणी विचारलं, तर "हे इथं वापरायचं, ते घरी. आत काय आहे ते वरती लिहिलंय," म्हणायच्या. मी एकदा म्हटलं, मांडवात बोलला नसता तर पार्लर टिकलं असतं. "पार्लर टिकलं असतं," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या बाईच्या भुवयांकडे वळल्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी पार्लर आवरलं. मुलगा धुळ्यात, तिथे घराच्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्या टाकायच्या ठरल्या. टेम्पो दुपारी आला. आरसे गोधड्यांत गुंडाळून चढवत होतो तेव्हा एक मोटरसायकल थांबली. जयू होती, नवऱ्यासोबत. सावद्याहून केळीचा घड आणला होता. काकू आली नव्हती, तिचा निरोपही नव्हता. आजी महिनाभरापूर्वी गेल्याचं जयूने सांगितलं.

अक्कांनी घड टेम्पोवाल्याकडे दिला, हात पदराला पुसले आणि जयूची हनुवटी दोन बोटांनी धरून तिला उन्हात उभं केलं. डावीकडे वळवलं. उजवीकडे वळवलं. रेषांचं जाळं विरलं होतं. कातडीला तिचा स्वतःचा रंग आला होता, गव्हाळ, लग्नाआधीच्या त्या चकचकीत रंगाहून दोन छटा सावळा. उन्हाने नाक थोडं तेलकट दिसत होतं. जयूच बोलली, "अक्का, आता काय लावू?"

अक्कांनी बोटं काढून घेतली.

"काही नको," त्या म्हणाल्या. "अस्संच राहू दे."

आणि टेम्पोत पुढे चढून बसल्या.